गाणं खान्देशाचं, फेलोशिप कुठल्या खात्यातून?

संगीताच्या इतिहासावर फेलोशिप, म्हणजे संशोधनासाठीचं विद्यावेतन, घेऊन पीएच.डी. करायची आणि घरच्यांपुढे हात पसरायचा नाही, ही सोय खान्देशात फार जुनी नाही. 1990 साली जळगावला उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ झालं. तोवर इथली कॉलेजं पुणे विद्यापीठाला जोडलेली होती. नोंदणी पुण्याला, ग्रंथालय पुण्याला आणि गाणारी माणसं यावल-धडगावकडे.

त्यात संगीत हा विषय उच्चशिक्षणात आला तो वेगळ्याच वाटेने. गायक विष्णु दिगंबर पलुस्करांनी 1901 मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, संगीतशास्त्रज्ञ विष्णु नारायण भातखंड्यांनी बंदिशी गोळा करून रागसंगीत छापील अभ्यासक्रमात बसवलं. पुढचे संगीत विभाग बहुतेक याच पायावर उभे राहिले. मग संगीताचा इतिहास म्हणजे घराणी, ग्रंथ आणि राग, हे जणू ठरूनच गेलं. डफावर गायची वही (हा खान्देशी लोकगायनाचा प्रकार), कानबाई या लोकदेवतेची गाणी, सातपुड्यातल्या आदिवासींचं पावरी हे फुंकवाद्य त्यात बसेनात. ती गेली लोकसाहित्याच्या कप्प्यात. तिथे शब्दांची राखण झाली, चालीची फारशी नाही. बहिणाबाईंचंच बघा ना. त्यांची गाणी मुलाने, सोपानदेवांनी जपली, 1952 साली पुस्तक निघालं, 2018 मध्ये विद्यापीठालाही त्यांचं नाव मिळालं. पण जात्यावर बसून त्या कोणत्या चालीत म्हणत, याचा माग त्या छापील पानांवरून लागत नाही.

ही वाटणी पैशाच्या वाटेवरही आडवी येते. नेट या प्राध्यापकी आणि फेलोशिपसाठीच्या राष्ट्रीय पात्रता परीक्षेत संगीताचा विषय क्रमांक 16, लोकसाहित्याचा 71. एकाच बाईचं एकच गाणं, पण सूर धरला तर एक पेपर, शब्द धरला तर दुसरा! त्या परीक्षेतून जेआरएफ (कनिष्ठ संशोधक फेलोशिप) मिळाली तर 1 जानेवारी 2023 पासूनच्या दराने पहिली दोन वर्षं महिना 37,000 रुपये, पुढे 42,000. रक्कम बरी आहे. मात्र मानव्यशाखेला आकस्मिक खर्चासाठी पहिली दोन वर्षं मिळतात वर्षाला 10,000. अक्कलकुव्याच्या फेऱ्या, रेकॉर्डर, पावरी वाजवणाऱ्याच्या हातावर ठेवायचं मानधन, एवढ्यात काय काय भागवणार?

माझ्या मते खान्देशाला खरा हात दिला तो सामाजिक न्यायाच्या वाटेने आलेल्या फेलोशिपांनी. अनुसूचित जाती-जमातींसाठी राजीव गांधी फेलोशिप 2005-06 मध्ये सुरू झाली; जमातींसाठीच्या आजच्या राष्ट्रीय फेलोशिपमध्ये दरवर्षी 750 जागा असतात. नंदुरबारच्या भिल्ल-पावरा आदिवासी मुलामुलींसाठी ही फार मोठी गोष्ट. राज्य सरकारच्या फेलोशिप देणाऱ्या संस्थांपैकी अनुसूचित जातींसाठीची बार्टी होतीच, 2018 मध्ये मराठा-कुणबी समाजासाठी सारथी आणि 2019 मध्ये इतर मागासवर्ग व भटक्या-विमुक्तांसाठी महाज्योती आली. (त्यांचे हप्ते वेळेवर मिळावेत म्हणून विद्यार्थ्यांना आंदोलनं करावी लागली, तो विषय वेगळा.)

राहता राहिला मार्गदर्शक. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) 2022 च्या नियमांनुसार दुसऱ्या विभागातला किंवा दुसऱ्या संस्थेतला सहमार्गदर्शक घेता येतो. म्हणजे मराठी विभागात नोंदणी करून स्वरलिपीसाठी, म्हणजे चाल कागदावर उतरवण्यासाठी, संगीताच्या प्राध्यापकांना सोबत घेता येईल. अर्ज भरतानाच हे विचारून घ्यावं.