चाळिशीनंतर, जुन्या दुखापतीसह, वजने उचलावीत का?

चाळिशी ओलांडली आणि त्यात गुडघा पूर्वी दुखावलेला असेल, तर वजने कायमची सोडून केवळ चालायला जावे, कारण या वयात स्नायू वाढतच नाहीत, हा सल्ला वर्षानुवर्षे फिरत आहे. तो चुकीचा आहे. बोस्टनमधील संशोधकांनी १९९० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात नव्वदीच्या घरातील १० अशक्त वृद्धांना ८ आठवडे पायांचा वजनी व्यायाम दिला होता. तो पूर्ण करणाऱ्या ९ जणांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली आणि मांडीचे स्नायूही भरले. मग पंचेचाळिशीतल्या माणसाने हात का टेकावेत?

दुखावलेला पाय सतत जपल्याने मांडीचा पुढचा स्नायू रोडावतो आणि गुडघ्याचा आधारच कमी होतो, त्यामुळे अति विश्रांती उलट दुखणे लांबवते. सुरुवात खुर्चीवरून हात न टेकता सावकाश उठण्याबसण्याने करावी आणि वजन नंतर थोडेथोडे वाढवावे. घाई मात्र नडते, कारण स्नायू लवकर बळावतात आणि स्नायूंना हाडाशी जोडणाऱ्या कंडरा मागून रेंगाळत येतात. पंचविशीतले वजन पहिल्याच महिन्यात उचलू पाहणारे (आणि असे पुष्कळ असतात) येथेच फसतात. दुसऱ्या दिवशी सांध्याला सूज दिसली, तर उचलायचे वजन कमी करावे. सांधा अडकत किंवा अचानक निसटत असेल, तर आधी अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवावे.