गुडघाभर पाणी: सीमाभागातल्या रंगीत पाणपक्ष्यांची पार्श्वभूमी

दिवाळी सरली की घटप्रभेच्या आणि कृष्णेच्या काठची मंडळी एकमेकांना मोबाइलवर चित्रफिती धाडू लागतात. गुलाबी काटकुळ्या पायांवर डौलात चालणारे शेकाटे, पळीसारखी चोच पाण्यात डावी-उजवीकडे फिरवणारे चमचे, पिवळी लांब चोच आणि शेपटीजवळ गुलाबी पिसं मिरवणारे चित्रबलाक. उन्हाळ्याच्या तोंडाला त्यात बागलकोटकडचे रोहित येतात, म्हणजे आपले फ्लेमिंगो. सोबतचा मजकूर ठरलेला: ‘परदेशी पाहुण्यांचं आगमन’.

हे फारसं खरं नाही. चित्रबलाक पक्का इथला. इंदापूरजवळच्या भादलवाडीच्या तलावावर आणि मंड्या जिल्ह्यातल्या कोक्करेबेल्लूर गावात तो घरटी करतो. शेकाट्याही वर्षभर आपल्याकडेच असतो. रोहितांची मोठी वीण कच्छच्या रणात होते. या मंडळींत खरा लांबचा प्रवासी कांड्या करकोचा. तो मध्य आशिया आणि मंगोलियाच्या गवताळ मैदानांतून हिमालय ओलांडून येतो, दिवसाच्या थंड वेळी शेतातले दाणे टिपतो आणि दुपारी नदीच्या वाळूवर थव्याने उभा राहतो. त्याच्यासोबत नाव घेतलं जातं ते पांढऱ्या करकोच्याचं. घटप्रभेच्या बंधाऱ्यावरच्या धुपदाळचं नाव पक्षी पाहणाऱ्यांत झालं ते मुख्यतः या दोघांमुळे.

पण पाहुणे कुठून आले यापेक्षा ते इथेच का उतरतात, हा प्रश्न मला जास्त महत्त्वाचा वाटतो. लांब पायांच्या पक्ष्याला खोल पाण्याचा उपयोग नाही. त्याला वीतभर ते गुडघाभर पाणी लागतं, खाली मऊ गाळ लागतो आणि त्यात मासोळ्या, गोगलगायी, किडे लागतात. सह्याद्रीतून उतरणाऱ्या आपल्या नद्यांचा स्वभाव याच्या उलट आहे. पावसाळ्यात त्या दुथडी भरून धावतात आणि उन्हाळ्यात डोह तेवढे मागे ठेवतात. घटप्रभा सह्याद्रीतून निघते, चंदगडकडची ताम्रपर्णी आणि आंबोलीची हिरण्यकेशी तिला मिळतात. हे सगळं घाटमाथ्याचं पाणी अडवून पसरवल्याशिवाय ते उथळ होऊन थांबत नाही. म्हणून सीमाभागातला पक्षी पाहण्याचा इतिहास हा बराचसा बंधारे, कालवे आणि धरणांचा इतिहास आहे. ‘निसर्गरम्य’ म्हणून आपण ज्याचं चित्रण करतो ते ठिकाण बहुतेक वेळा पाटबंधारे खात्याने तयार केलेलं असतं.

धरणांआधी तळी होती. विजापूरला मुहम्मद आदिलशहाच्या काळात बेगम तलाव झाला, ममदापूरचा मोठा तलावही त्याच काळातला. पाणी शहराला आणि शेताला हवं होतं, पक्षी आपसूक आले. त्याहून मागे गेलं तर कल्याणीच्या चालुक्यांचा राजा तिसरा सोमेश्वर याचा ‘मानसोल्लास’ आहे, बाराव्या शतकातला संस्कृत ग्रंथ. कल्याणी म्हणजे आजचं बिदर जिल्ह्यातलं बसवकल्याण. राजाच्या करमणुकींमध्ये त्यात श्येनविनोद येतो: शिकवलेले ससाणे सोडून पक्षी धरण्याचा खेळ. पक्षी बारकाईने पाहणं आणि पक्षी मारणं हे तेव्हा एकाच माणसाचं काम होतं, आणि पुढची सातशे वर्षंही तसंच राहिलं.

इंग्रजांनी या पाहण्याला यादीचं रूप दिलं. मुंबई सरकारसाठी दख्खनची सांख्यिकी पाहणी करणारा लष्करी अधिकारी विल्यम हेन्री साइक्स याने इथल्या पक्ष्यांची यादी १८३२ मध्ये लंडनला प्रसिद्ध केली. बेळगावच्या दृष्टीने त्याहून जवळचं नाव कॅप्टन ई. ए. बटलर याचं. लष्करी नोकरीच्या निमित्ताने तो बेळगावात राहिला आणि दख्खन व दक्षिण मराठा मुलखातल्या पक्ष्यांची त्याची यादी १८८१ मध्ये ‘स्ट्रे फेदर्स’ या नियतकालिकात आली. ‘दक्षिण मराठा मुलूख’ म्हणजे बेळगाव, धारवाडचा हा पट्टा. आज हे वाचताना सीमाभागातल्या माणसाचे डोळे त्या नावावर जरा जास्त वेळ थांबतात, हे कबूल. पण बटलरला त्या शब्दांशी राजकारण नव्हतं, त्याला पाणलावा कुठे सापडतो एवढंच हवं होतं.

‘स्ट्रे फेदर्स’ चालवणारा ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम. होय, तोच, ज्याचं नाव पुढे १८८५ मध्ये काँग्रेसच्या स्थापनेशी जोडलं गेलं. देशभरच्या छावण्यांतून, कचेऱ्यांतून अधिकारी त्याला नोंदी आणि भुसा भरायची कातडी पाठवत. भारतीय पक्ष्यांवर मोठा ग्रंथ लिहायचा म्हणून त्याने वर्षानुवर्षं टिपणं जमवली आणि सिमल्याच्या घरातून ती एका नोकराने रद्दीत विकली. ह्यूमचं मन उडालं. हजारोंनी गोळा केलेली कातडी आणि अंडी त्याने ब्रिटिश म्युझियमला देऊन टाकली. बटलरच्या पिढीच्या नोंदी आपल्याला मिळतात त्या नियतकालिकात छापून गेल्या म्हणून.

त्या काळी पुरावा म्हणजे मारलेला पक्षी. दुर्बिणीतून पाहिलं असं सांगून कुणी विश्वास ठेवत नसे. कातडं ठेवा, चोच मोजा, मग बोला. त्याच सुमारास युरोपात बायकांच्या टोप्यांवर बगळ्यांचे तुरे लावायची लाट आली आणि विणीच्या काळात बगळे पिसांसाठी मारले जाऊ लागले. हिंदुस्थान सरकारने १९०२ मध्ये पिसांच्या निर्यातीवर बंदी घातली. आज उसाच्या शेतात नांगरामागून निवांत चालणारा बगळा त्या लाटेतून वाचलेल्यांचा वंशज आहे.

आता पाण्याकडे वळू. घटप्रभेवर धुपदाळला बंधारा झाला तो एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस. दुष्काळांचा मार खाल्लेल्या गोकाक भागाला कालव्याचं पाणी द्यायचं हा हेतू होता. बंधाऱ्यामागे पाणी पसरलं आणि दर पावसाळ्यात नदीने आणलेला गाळ त्यात बसत गेला. कालव्याच्या इंजिनिअरला गाळ म्हणजे डोकेदुखी. करकोच्याला आणि चमच्याला तेच जेवणाचं ताट. गाळावर पाणवनस्पती आल्या, मधे छोटी बेटं उभी राहिली, जांभळ्या पाणकोंबड्या आणि कमळपक्षी त्यात राहू लागले. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. त्यानंतर दोनच वर्षांनी, १९७४ मध्ये, घटप्रभा पक्षी अभयारण्य जाहीर झालं. क्षेत्र सुमारे ३० चौरस किलोमीटर.

या तारखांच्या मधे आणखी एक तारीख आहे: १ नोव्हेंबर १९५६. बेळगाव मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेलं. त्याचे इतर परिणाम सगळ्यांना ठाऊक आहेत. पक्ष्यांच्या बाबतीत एवढंच झालं की कागद दोन ठिकाणी वाटले गेले. जुन्या नोंदी मुंबई इलाख्याच्या याद्यांत, नव्या कन्नडमध्ये बंगळूरच्या वनखात्यात, आणि इथल्या मराठी पोरांच्या हातातली पक्ष्यांची पुस्तकं पुण्या-मुंबईत छापलेली. त्यामुळे एकाच काठावर उभे असलेले दोघे एकाच चित्रबलाकाला ‘कोक्करे’ आणि ‘करकोचा’ म्हणतात, आणि तिसरा, कॅमेरावाला, ‘पेंटेड स्टॉर्क’ म्हणून वाद मिटवतो.

सत्तरच्या दशकात मोठी धरणं आली. घटप्रभेवर हिडकल, ५१ टीएमसीचं, १९७७ मध्ये पुरं झालं. मलप्रभेवर सौंदत्तीजवळ नविलुतीर्थचं धरण झालं. मग कृष्णेवर अलमट्टी. लालबहादूर शास्त्रींनी १९६४ मध्ये पायाभरणी केलेलं हे धरण रखडत रखडत पुढे सरकलं आणि सर्वोच्च न्यायालयाने २००० मध्ये ५१९.६ मीटरपर्यंत पाणी अडवायला मुभा दिली. अलमट्टी म्हटलं की सांगली-कोल्हापूरकडच्या माणसाला पूर आठवतो. पक्षी पाहणाऱ्याला बिळगी आणि बागलकोटच्या बाजूचा तो लांबच लांब सपाट किनारा आठवतो, चिक्कसंगमजवळचा, जिथे घटप्रभा कृष्णेला मिळते. धरण भरलेलं असतं तेव्हा तिथे या पक्ष्यांना काहीच नसतं. फेब्रुवारीपासून पाणी उतरू लागलं की रोज थोडा नवा चिखल उघडा पडतो, शेतकरी त्यावर गाळपेर करतात आणि पाण्याच्या कडेने पक्षी सरकत राहतात. भिगवणला उजनीच्या मागे १९८० नंतर जे घडलं त्याचीच ही पुढची आवृत्ती. म्हणून इथे नेमाने येणारे आधी धरणाची पातळी विचारतात, मग पक्ष्यांची खबर.

पाणी झालं. आता कॅमेरा, आणि इथे मला थोडं रेंगाळायचं आहे.

हलतं चित्र टिपण्याच्या यंत्राच्या मुळाशी पक्षीच आहेत. फ्रेंच शरीरशास्त्रज्ञ एतिएन-ज्यूल मारे याला उडत्या पक्ष्याच्या पंखांची हालचाल समजून घ्यायची होती. त्याने १८८२ मध्ये ‘फोटोची बंदूक’ बनवली. खांद्याला लावायची, नेम धरायचा, चाप ओढायचा आणि सेकंदाला १२ चित्रं घ्यायची. बटलरची यादी छापून आली त्याच्या दुसऱ्याच वर्षीची ही गोष्ट. गंमत म्हणजे बंदुकीचा आकार तसाच राहिला, फक्त पक्षी जिवंत राहू लागला.

आपल्या राज्यात हे वेड पहिल्यांदा परवडलं ते ज्यांच्याकडे वेळ आणि पैसा होता त्यांना. संडूरच्या मराठा घोरपडे राजघराण्यातले एम. वाय. घोरपडे सत्तरच्या दशकात कर्नाटकचे अर्थमंत्री होते आणि वन्यजीवांच्या कृष्णधवल छायाचित्रांसाठी देशाबाहेरही ओळखले जात. चित्रीकरण तर आणखी महाग. सोळा मिलिमीटरच्या फिल्मचं शंभर फुटांचं रीळ सेकंदाला २४ चौकटींनी चालवलं तर पावणेतीन मिनिटांत संपतं. चित्रबलाक गाळात चोच घालून उभा राहिला की तेवढा वेळ नुसताच उभा असू शकतो. रीळ संपलं, पक्ष्याने काहीच केलं नाही, पैसे गेले.

२००८ मध्ये निकॉन डी ९० आणि पाठोपाठ कॅनन ५डी मार्क टू हे फोटो काढण्याचे कॅमेरे व्हिडिओही घेऊ लागले. २०१५ मध्ये निकॉनच्या पी ९०० ने ८३ पट ऑप्टिकल झूम एका आटोपशीर कॅमेऱ्यात आणून दिला. लाखांची लेन्स न घेता किनाऱ्यावरून चमच्याची चोच पडदाभर दिसू लागली. सीमाभागात पक्ष्यांचं चित्रण सर्वसामान्यांच्या हाती आलं ते या दोन पायऱ्यांनी.

आणि याच पक्ष्यांच्या बाबतीत फोटोपेक्षा व्हिडिओ खरा. त्यांचं विचित्र रूप म्हणजे त्यांची खाण्याची हत्यारं आहेत, आणि हत्यार चालताना पाहिलं तरच कळतं. चमच्या अर्धवट उघडी चोच पाण्यात फिरवत चालतो आणि काही लागलं की मिटतो. रोहित डोकं उलटं करून जिभेने पाणी आत-बाहेर पंप करतो, चोचीच्या कडांच्या गाळणीत बारीक जीव आणि शेवाळ अडकतं, आणि त्याचा गुलाबी रंगही त्याच खाण्यातून येतो. उघडचोच करकोच्याच्या चोचीतली फट हे गोगलगायी खाण्याचं साधन; पिल्लांच्या चोचीत ती नसते. चित्रबलाक पायाने गाळ ढवळतो, मधूनच एक पंख उघडतो, मासा दचकून हलतो आणि चोच मिटते. गढूळ पाण्यात त्याला मासा दिसत नाही, स्पर्शच पुरतो. त्याच्या अमेरिकी भाईबंदावर, म्हणजे वुड स्टॉर्कवर, १९६०च्या दशकात प्रयोग झाले तेव्हा स्पर्शानंतर चोच मिटायला सेकंदाचा चाळिसावा भाग लागतो असं आढळलं. नेहमीच्या व्हिडिओत सेकंदाला ३० चौकटी असतात. म्हणजे मासा धरण्याचा क्षण दोन चौकटींच्या मधे हरवून जातो. सेकंदाला २४० चौकटी घेणारा आजचा मोबाइल तो पकडू शकतो. अडचण वेगळीच आहे: मोबाइल जवळ न्यावा लागतो, आणि तेवढं जवळ गेलं की चित्रबलाक उडतो.

आजची सगळी भांडणं या शेवटच्या वाक्यातून निघतात. मासेमाराची होडी रोजची, तिला पक्षी सरावलेले असतात. तीच होडी चार लेन्सवाल्यांना घेऊन थव्याच्या दिशेने गेली की थवा उठतो, आणि उठलेल्या रोहितांचे लालकाळे पंख दिसावेत म्हणून ‘जरा उठवा की’ अशी फर्माईशही होते. हौशी मंडळींना राग येईल, पण तो शॉट मला अजिबात आवडत नाही. गाळात खाणारा रोहित त्याहून कितीतरी विलक्षण दिसतो. ड्रोनने प्रकरण आणखी बिघडवलं. वन्यजीव कायद्याच्या कलम २८ खाली अभयारण्यात चित्रीकरणासाठी वनखात्याची परवानगी लागते, आणि २०२२ च्या दुरुस्तीने अधिवासात काही बदल न करता, त्याला वा प्राण्यांना अपाय न होता ते व्हावं हेही लिहून ठेवलं. धुपदाळला हे लागू आहे. अलमट्टीच्या किनाऱ्याचा बराचसा भाग कुणाच्या तरी गाळपेरीचा असतो, तिथे परवानगी शेतकऱ्याची.

तो किनारा मात्र कायमचा नाही. अलमट्टीची पातळी ५२४.२५६ मीटरपर्यंत न्यायला दुसऱ्या कृष्णा पाणीतंटा लवादाने २०१० मध्ये संमती दिली आहे, कर्नाटक त्यासाठी भूसंपादनाच्या मागे आहे आणि महाराष्ट्राचा विरोध कायम आहे. पाणी साडेचार मीटरने चढलं तर भरल्या धरणाची कड आजच्यापेक्षा बरीच आत, आज ऊस आणि मका उभा आहे त्या रानात जाईल, आणि उन्हाळ्यात चिखल कुठे, कधी आणि किती उघडा पडेल हे सगळं नव्याने ठरेल.