म्योडलारॉइट

म्योडलारॉइट हे जर्मनीतील जेमतेम पन्नास वस्तीचे खेडे. टानबाख नावाचा ओढा गावाच्या मधून वाहतो. ओढ्याच्या एका अंगाचे गाव बव्हेरिया राज्यात, दुसऱ्या अंगाचे थुरिंगिया राज्यात मोडते. पूर्व आणि पश्चिम जर्मनीच्या फाळणीत याच ओढ्याकाठी आधी कुंपण आणि मग काँक्रीटची भिंत उभी राहिली. अमेरिकी सैनिक गावाला ‘छोटे बर्लिन’ म्हणू लागले आणि त्याच नावाने ते जगाला माहीत झाले.

गावाच्या नावातील ‘रॉइट’ म्हणजे जंगल तोडून मोकळी केलेली जमीन. जवळच्या प्रसिद्ध बायरॉइट शहराच्या नावातही हाच शब्द आहे. टानबाखमधील ‘बाख’ म्हणजे ओढा. एरवी ढांग टाकून ओलांडता येईल एवढाच तो आहे, पण शीव म्हणून त्याचे वय मोठे आहे. 1810 मध्ये बायरॉइटचा मुलूख नेपोलियनकडून बव्हेरियाच्या राजाकडे आला आणि ओढ्याकाठी शिवेचे नवे दगड रोवले गेले. त्यांच्या एका बाजूला ‘केबी’, म्हणजे बव्हेरियाचे राज्य, आणि दुसऱ्या बाजूला ‘एफआर’, म्हणजे रॉइसचे संस्थान, ही अक्षरे कोरलेली आहेत. पुढे राजे गेले, संस्थाने गेली, 1920 मध्ये रॉइसचा मुलूख नव्या थुरिंगिया राज्यात विलीन झाला. दगड मात्र जागच्या जागी राहिले.

या शिवेचा गावाला सव्वाशेहून अधिक वर्षे काहीही जाच नव्हता, हे इथे मुद्दाम सांगायला हवे. कर भरायचे कार्यालय वेगळे, एवढाच काय तो फरक. शाळा आणि खानावळ थुरिंगियाच्या बाजूला होती, तिथे दोन्हीकडची माणसे जात. रविवारी प्रार्थनेला सगळे गाव बव्हेरियातील ट्योपेनच्या चर्चमध्ये जाई. सोयरिकी ओढ्याच्या आरपार जुळत आणि एकाच घराची शेते दोन्ही काठांवर असत. ओढा कामाला लागे तो गुरांना पाणी पाजायला.

दुसऱ्या महायुद्धात जिंकलेल्या राष्ट्रांनी जर्मनी वाटून घेताना जुन्याच प्रांतांच्या सीमा धरल्या. थुरिंगिया सोव्हिएत रशियाच्या वाट्याला आला, बव्हेरिया अमेरिकेच्या. 1945 च्या जुलैमध्ये अमेरिकी फौजा थुरिंगियातून मागे हटल्या, त्यांच्या जागी सोव्हिएत फौजा आल्या आणि गावातला ओढा दोन महासत्तांची हद्द झाला. 1949 मध्ये दोन जर्मन राष्ट्रे स्थापन झाली. तरी पुढची दोन-तीन वर्षे परवाना दाखवून पलीकडच्या शेतावर किंवा शाळेत जाता येत असे.

ते 1952 च्या मे महिन्याअखेरीस बंद झाले. पूर्व जर्मनीने सीमेलगत 5 किलोमीटर खोलीचे निर्बंधित क्षेत्र आखले, त्याच्या आत 500 मीटरचा संरक्षित पट्टा ठेवला आणि अगदी शिवेवर 10 मीटरची जमीन नांगरून मोकळी केली, म्हणजे पावलांचे ठसे उमटावेत. ज्यांच्या निष्ठेबद्दल शंका होती अशा हजारो सीमावासीयांना सरकारने एकाएकी घरदार सोडायला लावून आतल्या भागात नेऊन टाकले. या मोहिमेच्या सांकेतिक नावाचा अर्थ ‘उपद्रवी किडे’ असा होता. गावाच्या पूर्वेकडच्या भागात आधी फळ्यांचे कुंपण आले, मग काटेरी तारा आल्या आणि 1966 मध्ये सुमारे 700 मीटर लांबीची, 3.3 मीटर उंचीची काँक्रीटची भिंत बांधली गेली. तिच्या जोडीला टेहळणीचे मनोरे, प्रखर दिवे आणि कुत्री आली.

पूर्वेकडच्या लोकांना आपल्याच घरी राहण्यासाठी ओळखपत्रावर शिक्का लागे. बाहेरच्या पाहुण्याला त्या पट्ट्यात सहसा प्रवेश नसे. पश्चिमेकडून सहलीच्या बसगाड्या भिंत पाहायला येत, लोक हात हलवत. पलीकडच्यांना हात हलवून उत्तर द्यायची बंदी होती. दारातून भाऊ दिसतो आहे आणि त्याच्याकडे पाहून हात वर करायचा नाही! या गावाच्या इतिहासात भिंतीच्या उंचीपेक्षा हीच गोष्ट अधिक सांगून जाते. 1973 च्या मे महिन्यात पूर्वेकडच्या एकाने मालवाहू गाडी थेट भिंतीला भिडवली, टपावरून शिडी लावली आणि तो पलीकडे उतरला. असे धाडस करायला अर्थातच फार थोडे धजावत.

5 फेब्रुवारी 1983 रोजी अमेरिकेचे तत्कालीन उपाध्यक्ष जॉर्ज बुश यांनी गावाला भेट दिली. वीस वर्षांपूर्वी अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांनी बर्लिनमध्ये उच्चारलेल्या ‘मी बर्लिनकर आहे’ या वाक्याच्या धर्तीवर ते जर्मन भाषेत म्हणाले, ‘मी म्योडलारॉइटकर आहे.’

बर्लिनची भिंत 9 नोव्हेंबर 1989 रोजी खुली झाली, तरी इथली भिंत उभीच होती. गावकऱ्यांनी मागणी लावून धरली आणि बरोबर एक महिन्याने, 9 डिसेंबरला, पायी जाण्यापुरती वाट उघडली. सदतीस वर्षांनी शेजारी शेजाऱ्याकडे चालत गेला. 17 जून 1990 रोजी खोदयंत्र लावून भिंतीचा मोठा भाग पाडला गेला. सुमारे शंभर मीटरचा तुकडा, मनोरा आणि कुंपण मात्र गावानेच राखले. त्याभोवती आता दोन्ही जर्मनींच्या इतिहासाचे संग्रहालय उभे आहे.

गाव एक झाले, पण शीव हलली नाही. आजही एक भाग बव्हेरियातील ट्योपेनच्या ग्रामपंचायतीत आहे, तर दुसरा थुरिंगियातील गेफेल शहराच्या हद्दीत. त्यामुळे महापौर दोन, दूरध्वनीचे संकेतांक दोन. पिनकोड एकीकडे 95 ने सुरू होतो, दुसरीकडे 07 ने. गाड्यांच्या पाट्यांवर ‘एचओ’ आणि ‘एसओके’ अशी वेगवेगळी अक्षरे असतात. बव्हेरियाच्या काठावर भेटलेला माणूस नमस्कारादाखल ‘ग्र्यूस गॉट’ म्हणतो, थुरिंगियाच्या काठावरचा ‘गुटन टाग’. मधल्या ओढ्यावर आता पहारा नाही, 1810 चे दगड तेवढे आहेत.