‘पानिपत’ मागितलं, पण कुठलं? ऐतिहासिक कादंबरी आणि इतिहासाचं पुस्तक

वाचनालयाच्या खिडकीवर ‘पानिपत आहे का?’ एवढंच विचारलं, तर दोन वेगवेगळी पुस्तकं पुढ्यात येऊ शकतात. एक विश्वास पाटलांची ‘पानिपत’, १९८८ साली आलेली कादंबरी. दुसरं त्र्यं. शं. शेजवलकरांचं ‘पानिपत : १७६१’, म्हणजे निखळ इतिहास. लढाई तीच, १४ जानेवारी १७६१ ची. भाऊसाहेब, विश्वासराव, अब्दाली, नजीबखान, माणसंही तीच. पण सुट्टीत गोष्ट वाचायची म्हणून शेजवलकर घरी नेणारा चौथ्या दिवशी पुस्तक परत करतो. आणि वक्तृत्व स्पर्धेच्या भाषणाला आधार हवा म्हणून कादंबरी नेणारं पोर त्याहून मोठ्या घोटाळ्यात सापडतं, कारण ते परीक्षकांसमोर भाऊसाहेबांच्या तोंडी लेखकाचं वाक्य घालतं.

कोल्हापुरात हा घोळ जरा जास्तच होतो, कारण इथे इतिहास दाराशी आहे. पन्हाळा वीस किलोमीटरवर, नेसरीची खिंड गडहिंग्लज तालुक्यात. शिवाय मराठीतल्या सर्वाधिक खपाच्या ऐतिहासिक-पौराणिक कादंबऱ्या लिहिणारे दोघेही याच जिल्ह्यातले: रणजित देसाई कोवाडचे, शिवाजी सावंत आजऱ्याचे. त्यामुळे लहानपणी ऐकलेलं, पाठ्यपुस्तकात शिकलेलं आणि कादंबरीत वाचलेलं यांची डोक्यात सरमिसळ होते, आणि कुठलं कुठून आलं हे पुढे सांगता येत नाही.

फरक कळायला एकच प्रसंग दोन्ही रीतींनी लिहून बघावा. पन्हाळ्यावरून सुटकेची रात्र घेऊ. पुढचे दोन्ही उतारे इथल्यापुरते, नमुन्यादाखल रचलेले आहेत.

कादंबरीची रीत: “पावसाचा जोर वाढला. राजांनी पालखीचा पडदा किंचित सारला. मागं गडावरचे दिवे धुक्यात विरघळत होते. ‘मागं बघू नये महाराज,’ बाजी हलकेच म्हणाले, ‘वाट पुढं आहे.’”

इतिहासाची रीत: “मार्च १६६० पासून सिद्दी जौहरचा पन्हाळ्याला वेढा होता. राजापूरच्या इंग्रजांनी तोफा देऊन जौहरला मदत केली. जुलैमध्ये एका रात्री शिवाजी महाराज मोजक्या लोकांनिशी निसटून विशाळगडाकडे गेले. पाठलागावरच्या फौजेला बाजीप्रभूंनी घोडखिंडीत अडवले व तेथे ते पडले.”

पहिल्या उताऱ्यात जुलैचा पाऊस खरा धरायला हरकत नाही. आपल्याकडचा आषाढ आपल्याला ठाऊक आहे. पण पडदा सारला हे कुणी टिपून ठेवलेलं नाही, आणि बाजींचं वाक्य तर शंभर टक्के लिहिणाऱ्याचं. हे खोटं बोलणं नव्हे, कादंबरीकाराचं कामच ते. दुसऱ्या उताऱ्यात अंगावर काटा येत नाही, पण एक धागा हाती लागतो: इंग्रजांच्या तोफा. पुढच्याच वर्षी, १६६१ मध्ये, महाराजांनी राजापुरावर धाड घालून तिथल्या इंग्रजांना कैद केलं, त्याचं कारण या धाग्यात आहे. सुटकेच्या रात्रीचा वेग मारला जाऊ नये म्हणून कादंबरी हा धागा कधी कधी सोडून देते. इतिहासकाराला तो सोडता येत नाही.

नेसरीचंही तसंच. महाराजांचे सेनापती प्रतापराव गुजर २४ फेब्रुवारी १६७४ रोजी आदिलशाही सरदार बहलोलखानाच्या फौजेशी लढताना तिथे पडले. त्याआधी बहलोलखानाला जाऊ दिल्याबद्दल महाराज रागावले होते, हे राजाराम महाराजांच्या काळात जिंजीला लिहिलेली सभासदाची बखर सांगते. घोड्याला टाच मारताना प्रतापरावांच्या मनात काय होतं, हे मात्र कुठल्याच कागदात सापडणार नाही. तिथून पुढे कादंबरीचा मुलूख सुरू होतो.

दुकानात पाच मिनिटांत ओळखायचं कसं

मुखपृष्ठावर जाऊ नका. तलवार, भगवा आणि सोनेरी अक्षरं दोन्हीकडे सारखीच. आतलं शीर्षकपान आणि त्याच्या मागचं पान उघडा. बऱ्याच प्रकाशकांच्या पुस्तकांत तिथे ‘कादंबरी’, ‘चरित्र’ किंवा ‘इतिहास’ असा वर्ग छापलेला असतो. तो नसला तर मधलं कुठलंही पान काढा. पानावर अवतरणचिन्हांतले संवाद भरपूर असतील आणि ‘त्यांच्या मनात आलं’, ‘रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही’ अशी वाक्यं असतील, तर हातात कादंबरी आहे. हे आतलं कुणाला दिसलं, हा प्रश्न एका वाक्याला विचारला की बहुतेक वेळा निकाल लागतो. पानाच्या तळाशी बारीक टाइपात टिपा, मजकुरात पत्रांचे उतारे, दोन साधनांत फरक पडतो तिथे तसं स्पष्ट सांगितलेलं, शेवटी नावांची सूची: हे इतिहासाचं पुस्तक.

फसवणारी जागा एक आहे. कादंबरीच्या शेवटी चार पानांची संदर्भग्रंथांची यादी असली, की वाचक म्हणतो, ‘म्हणजे सगळं पुराव्यानिशी लिहिलंय.’ यादीवरून लेखकानं काय वाचलं ते कळतं. कुठलं वाक्य कुठून आलं ते कळत नाही. ते फक्त तळटीप सांगू शकते. उलट बाजूही आहे. काही चरित्रं इतक्या रसाळ, कीर्तनी भाषेत लिहिलेली असतात की ती कादंबरीसारखी वाचली जातात, आणि तळटीप औषधालाही नसते. अशा पुस्तकाला वर्ग म्हणून ‘चरित्र’ छापलेलं असलं, तरी त्यातल्या संवादांवर कादंबरीइतकाच भरवसा ठेवावा.

नावावरही विसंबू नये. नंदा खरे यांची ‘अंताजीची बखर’ ही बखर नव्हे, १९९७ सालची कादंबरी आहे. अंताजी हा काल्पनिक माणूस पेशवाईच्या काळात फिरतो, आणि मोठ्या माणसांचा इतिहास आपल्याला खालच्या पायरीवरून दिसतो. राजाच नायक असलेल्या कादंबऱ्यांचा कंटाळा आला असेल तर ही घ्या. ऐतिहासिक आणि साहित्यिक या दोन्ही कप्प्यांत ती सारख्याच हक्कानं बसते. असं मराठीत फार थोड्या पुस्तकांबद्दल म्हणता येतं.

खरी बखरही घरी आणायला हरकत नाही, पण ती या दोन्हींहून वेगळी. बखरकार घडलेलं सांगतो, ऐकलेलं सांगतो आणि मधूनच दैवी चमत्कारही सांगतो. इतिहासकार तिला साधन म्हणून वापरतो, तेही इतर कागदांशी ताडून.

कुठलं आधी, आणि किती दिवसांत

पहिल्यांदाच वाचणाऱ्यानं कादंबरीपासून सुरुवात करावी, असं आमचं स्पष्ट मत आहे. माणसं, नाती आणि प्रदेश डोळ्यांसमोर उभे राहिले की मग इतिहासातला कोरडा तपशील चिकटायला जागा मिळते. उलट क्रमानं गेलेले बहुतेक जण मोहिमांच्या तपशिलात अडकतात.

वेळेचा हिशेब आधी करा. सरावाचा वाचक मराठी कादंबरीची तासाला पंचवीस-तीस पानं वाचतो. इतिहासाच्या पुस्तकाची जेमतेम बारा-पंधरा, कारण टिपांसाठी थांबावं लागतं आणि नकाशासाठी मागे जावं लागतं. रणजित देसाईंची शिवाजी महाराजांवरची ‘श्रीमान योगी’ हजार पानांच्या पुढची आहे. रोज तीस पानं म्हटली तरी मे महिना संपून जूनचा पहिला आठवडा उजाडतो. आठवी-नववीतल्या पोराच्या हातात ती पहिली देऊ नये. दोनशे पानांवर खूण अडकते आणि वळवाचे चार पाऊस झाले तरी हलत नाही.

त्याऐवजी रणजित देसाईंचीच ‘स्वामी’ द्या. १९६२ ची ही कादंबरी थोरल्या माधवराव पेशव्यांवर आहे. आकार आटोपशीर आणि कालखंडही आखीव: पानिपतानंतर, वयाच्या सोळाव्या वर्षी पेशवेपद, राघोबादादांशी भाऊबंदकी, निजाम आणि हैदरशी झुंज, क्षयाचं दुखणं आणि १८ नोव्हेंबर १७७२ ला थेऊरला मृत्यू. वय सत्तावीस. अकराच वर्षांचा कारभार असल्यानं पात्रांची गर्दी होत नाही. ती संपवून त्याच काळावरचा गो. स. सरदेसाईंच्या ‘मराठी रियासती’चा खंड चाळायला घ्यावा. सगळा वाचायची गरज नाही. कादंबरीत राघोबादादा जसे दिसले तसे पत्रव्यवहारात दिसतात का, एवढंच शोधा. सुट्टीतल्या चार दुपारी त्यात आनंदात जातात.

‘श्रीमान योगी’ मोठ्यांनी घेतली तर तिची प्रस्तावना वगळू नये. नरहर कुरुंदकरांनी ती पत्राच्या रूपात लिहिली आहे, आणि शिवचरित्राचे प्रश्न इतिहासाच्या अंगानं कसे तपासायचे ते तिच्यात दिसतं. म्हणजे एकाच पुठ्ठ्यात सुरुवातीला इतिहासाची चिकित्सा आणि पुढे कादंबरी. आधी कादंबरी, मग प्रस्तावना असा उलटा क्रम लावला तर जास्त पदरात पडतं.

संभाजी महाराजांवर वाचायचं असेल तर सावंतांची १९७९ ची ‘छावा’ आणि तिच्या जोडीला कमल गोखले यांचं ‘शिवपुत्र संभाजी’ किंवा वा. सी. बेंद्रे यांनी लिहिलेलं चरित्र. इथे जोडी लावणं फार गरजेचं, कारण जुन्या बखरींनी आणि त्यांवर बेतलेल्या नाटकांनी या राजाची प्रतिमा बरीच डागाळली होती. ती का आणि कुठल्या कागदांच्या जोरावर बदलली, हे अभ्यासाच्या पुस्तकांतच उलगडतं. ताराबाईंसाठी जयसिंगराव पवारांचं चरित्र आहे. करवीरची गादी १७१० मध्ये पन्हाळ्यावर उभी राहिली, १७१४ मध्ये घरातूनच सत्तापालट झाला, १७३१ मध्ये वारणेचा तह होऊन सातारा आणि कोल्हापूर वेगळे झाले. कोल्हापूरकरानं निदान एवढं तरी कादंबरीच्या आधाराशिवाय वाचावं.

नावांचा घोळ इथे ठरलेला. सातारचे शाहू छत्रपती (१६८२–१७४९) वेगळे आणि आपले राजर्षी शाहू (१८७४–१९२२) वेगळे. संभाजी दोन, शिवाजी एकाहून अधिक, राजारामही. पोस्टकार्डाएवढ्या पुठ्ठ्यावर वंशावळ काढा, प्रत्येक नावाखाली जन्म-मृत्यूची सालं लिहा आणि तोच पुठ्ठा खूण म्हणून पुस्तकात ठेवा. मोबाइलवर शोधत बसलात तर पुस्तक बाजूला राहतं.

पौराणिक कादंबऱ्या याच फळीवर ठेवलेल्या असतात, म्हणून त्याही ऐतिहासिकच समजल्या जातात. सावंतांची ‘मृत्युंजय’ (१९६७), देसाईंची ‘राधेय’, खांडेकरांची ‘ययाति’ (१९५९) यांचा आधार महाभारत आहे, जुन्या कागदपत्रांचं दफ्तर नव्हे. तिथे ‘हे खरंच घडलं का’ हा प्रश्न गैरलागू. ‘मूळ कथेतलं काय बदललं’ हा विचारावा. आजऱ्याच्या आणि कोवाडच्या लेखकांनी एकच कर्ण कसा निरनिराळा रंगवला, हे बघणं मोठं गमतीचं. ‘मृत्युंजय’मध्ये कर्ण, कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण आणि कृष्ण असे सहा जण आपापली बाजू सांगतात. ‘राधेय’ तिच्या मानानं लहान, आठवड्यात संपणारी.

राजे, पेशवे, महारथी यांतलं काहीच नको असेल तर आनंद यादवांची ‘गोतावळा’. कागलकडची बोली, शेतावरचा गडी, जनावरं आणि ट्रॅक्टर. इतिहासाच्या पुस्तकात न येणारा इतिहास तिच्यात आहे, पण तो दुसऱ्या लेखाचा विषय.

विकत घेताना एक काळजी. खपाच्या कादंबऱ्यांच्या चोरून छापलेल्या प्रती फुटपाथवर निम्म्या किमतीत मिळतात. कागदातून मागच्या पानाची अक्षरं दिसतात, शाई कुठे गडद कुठे फिकी, आणि फर्मा, म्हणजे एकत्र छापून दुमडलेल्या पानांचा गठ्ठा, गळालेला असू शकतो. फर्मा बहुधा सोळा पानांचा, म्हणून १९२ नंतर एकदम २०९ येतं आणि ऐन लढाईत गोष्ट तुटते. पैसे देण्याआधी दर सोळा पानांवर क्रमांक तपासा. दोन मिनिटं लागतात. जुन्या पुस्तकांच्या दुकानातली वापरलेली अस्सल प्रत यापेक्षा केव्हाही बरी, फक्त तिच्यातली नकाशाची घडी फाडून नेलेली नाही ना, ते उघडून बघा.

वाचनालयातून आणायचं तर मे महिन्यात ‘छावा’ आणि ‘मृत्युंजय’ फळीवर दिसणं कठीण. १८५० पासून चालत आलेल्या करवीर नगर वाचन मंदिरासारख्या जुन्या संस्थेचा उपयोग तेव्हा होतो, कारण कादंबरी बाहेर गेलेली असली तरी त्याच विषयाचं चरित्र बहुधा जागेवर असतं. दोन पुस्तकं मिळत असतील तर एक कादंबरी आणि एक इतिहास अशी जोडी आणा. कादंबरी आधी संपेल. ती परत करा आणि इतिहासाची मुदत तेवढी वाढवून घ्या.