झाकीरभाईंचे तीन ग्रॅमी टीव्हीवर का दिसले नाहीत?

४ फेब्रुवारी २०२४. लॉस एंजेलिसमध्ये रविवारची दुपार होती आणि मुंबईत सोमवारचं उजाडायचं होतं. पीकॉक थिएटरमध्ये उस्ताद झाकीर हुसेन यांना एकाच बैठकीत तीन ग्रॅमी जाहीर झाले. एक 'शक्ती' या संगीतसमूहाच्या 'धिस मोमेंट' या अल्बमसाठी, शंकर महादेवन आणि इतर साथीदारांसह. उरलेले दोन बँजोवादक बेला फ्लेक, बासवादक एडगर मायर आणि बासरीवादक राकेश चौरसिया यांच्याबरोबरच्या कामासाठी. माहीमचा तबला आणि चेंबूरचा गळा, दोघांचा एकाच दिवशी सन्मान! पण आपल्याकडे सकाळी साडेसहाला मुख्य सोहळ्याचं प्रक्षेपण सुरू झालं, तोवर हे सगळं उरकलेलं होतं. त्या वर्षी ९४ विभागांत पुरस्कार होते. टीव्हीवरच्या सोहळ्यात त्यातले जेमतेम दहाएक दिले गेले, बाकीचे दुपारीच वाटून झाले.

असं का होतं, हे समजायला थोडं मागे जावं लागतं.

ग्रॅमी टीव्हीसाठी जन्मलाच नव्हता. हॉलिवूडच्या पदपथावर कलाकारांच्या नावाचे तारे बसवायचं ठरलं, तेव्हा रेकॉर्ड कंपन्यांच्या बड्या अधिकाऱ्यांना संगीतातली नावं सुचवायला सांगितलं होतं. यादी करताना त्यांच्या लक्षात आलं, की कितीतरी उत्तम संगीतकारांना हा तारा कधीच मिळणार नाही. त्यातून १९५७ मध्ये रेकॉर्डिंग अकादमी उभी राहिली. ग्रामोफोनवरून पुरस्काराला नाव पडलं आणि ४ मे १९५९ रोजी बेव्हर्ली हिल्स आणि न्यूयॉर्क अशा दोन ठिकाणी एकाच वेळी पहिले २८ पुरस्कार दिले गेले. ध्वनिमुद्रणाच्या धंद्यातल्या माणसांनी आपल्याच माणसांची पाठ थोपटावी, इतकाच तो घरचा मामला होता.

साठच्या दशकात अमेरिकेतल्या एनबीसी वाहिनीवर विजेत्यांचा आधी चित्रित केलेला कार्यक्रम लागायचा. सोहळा थेट घराघरांत पोहोचला तो १६ मार्च १९७१ रोजी, एबीसीवरून, अँडी विल्यम्स यांच्या सूत्रसंचालनात. दोनच वर्षांनी सोहळा नॅशव्हिलला न्यायचं ठरलं. एबीसीने अंग काढून घेतलं, निर्माते पिअर कोसेट यांनी सीबीएसला राजी केलं आणि तिथून २०२६ पर्यंत सीबीएसने ग्रॅमीला सोडलं नाही. १९७३ च्या त्याच सोहळ्यात 'द कॉन्सर्ट फॉर बांगलादेश' हा वर्षातला सर्वोत्तम अल्बम ठरला. त्यात रवी शंकर होते. सगळ्यात मोठ्या पुरस्कारावर सतारीचं नाव कोरलं गेलं, हे आज आठवलं तरी ऊर भरून येतो.

मग आला २८ फेब्रुवारी १९८४. मायकल जॅक्सनने एका रात्रीत आठ पुरस्कार घेतले आणि अमेरिकेत पाच कोटींहून अधिक लोकांनी ते पाहिलं. ग्रॅमीच्या प्रेक्षकसंख्येचा तो विक्रम अजून मोडलेला नाही. माझ्या मते सोहळ्याचं रूप इथेच पक्कं झालं. लोक यादी ऐकायला बसत नाहीत, गाणं पाहायला बसतात. म्हणून गाणी वाढली आणि पुरस्कार प्रक्षेपणाबाहेर जात राहिले. तिकडे विभाग मात्र वाढतच होते. एका टप्प्यावर ते १०९ झाले, २०१२ च्या सोहळ्यासाठी ते ७८ वर आणावे लागले.

याचा चटका सर्वांत आधी आपल्यालाच बसला, असं नाही. १९८९ मध्ये रॅपसाठी पहिल्यांदाच पुरस्कार ठेवला गेला, पण तो टीव्हीवर दाखवायचा नाही असं ठरलं. विल स्मिथ आणि त्याचा साथीदार डीजे जॅझी जेफ यांनी नामांकन असूनही सोहळ्याकडे पाठ फिरवली. पुरस्कार त्यांनाच मिळाला, आणि तो घ्यायला ते तिथे नव्हते. सन्मान करायचा तर चारचौघांत करा, एवढीच त्यांची मागणी होती. ती मला आजही रास्त वाटते.

आपलं संगीत ज्या विभागात जास्त करून येतं, तो 'वर्ल्ड म्युझिक'चा विभाग १९९२ मध्ये सुरू झाला. आता त्याला 'ग्लोबल' म्हणतात. त्यातला पहिलाच पुरस्कार अमेरिकी ड्रमवादक मिकी हार्ट यांच्या 'प्लॅनेट ड्रम'ला मिळाला. त्या अल्बमवर झाकीरभाईंचा तबला आहे आणि विक्कू विनायकराम यांचा घटम, म्हणजे मातीच्या घड्याचं तालवाद्य. तबल्याच्या बोलांवर घटमची थाप पडते, तेव्हा दोन घराण्यांची नव्हे तर हिंदुस्तानी आणि कर्नाटक अशा दोन पद्धतींची गाठ पडत असते. ते चाळीस सेकंदांच्या आभाराच्या भाषणात मावणारं नाही, हे खरंच. पण ऐकवायला तर हवं!

झाकीरभाई १५ डिसेंबर २०२४ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत गेले. २ फेब्रुवारी २०२५ च्या ग्रॅमी प्रक्षेपणात वर्षभरात गेलेल्या कलाकारांना आदरांजली वाहिली गेली. गाणं चालू होतं, पडद्यावर एकेक चेहरा येत होता. त्यांचा आला नाही. अकादमीच्या संकेतस्थळावरच्या यादीत त्यांचं नाव होतं.