एक ऑफिस, दोन जागा: नेटवर्क जोडण्याआधी

ऑफिस शिवाजीनगरला आणि कारखाना चाकणला, अशा ग्राहकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: दोन्हीकडचे कॉम्प्युटर एकमेकांना दिसतील ना? दिसतील. दोन राउटरांमध्ये इंटरनेटवरूनच व्हीपीएन, म्हणजे दोन जागांना जोडणारा खासगी, सुरक्षित मार्ग, लावला की चाकणचा प्रिंटर शिवाजीनगरहून चालतो. पण त्याआधी तुम्ही आम्हाला दुसरी गोष्ट सांगायला हवी. ही जोडणी दुपारी दोन तास तुटली, तर चाकणची भरलेली गाडी गेटबाहेर पडेल का?

जे काम थांबून चालत नाही, त्याची सोय जिथल्या तिथे ठेवावी, असं आमचं स्पष्ट मत आहे. हजेरी मशीन आणि कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग चाकणलाच राहू द्या. मालाच्या गाडीसोबत लागणाऱ्या ई-वे बिलाला इंटरनेट लागतंच, म्हणून तिथे दुसरी लाइन हवी. ती दुसऱ्या कंपनीची असून पुरत नाही. दोन्ही केबल एकाच चरातून आल्या असतील तर एका खोदाईत दोन्ही जातात. एक फायबर आणि जोडीला ४जी किंवा ५जी सिम, हे आम्हाला जास्त भरवशाचं वाटतं.

पत्ते आधी बदलायचे

बहुतेक ठिकाणी राउटर आला तसाच लावलेला असतो, त्यामुळे नेटवर्कवरच्या मशीनच्या पत्त्यांची (आयपी) दोन्हीकडे १९२.१६८.१ हीच मालिका सापडते. मग शिवाजीनगरच्या कॉम्प्युटरला चाकणच्या मशीनचा पत्ता आपल्याच ऑफिसातला वाटतो आणि डेटा व्हीपीएनकडे वळतच नाही. आम्ही शहरात १९२.१६८.१० आणि चाकणला १९२.१६८.२० अशी वाटणी करतो. प्रिंटर, हजेरी मशीन, रेकॉर्डर यांचे पत्ते एकेक करून हाताने बदलावे लागतात, म्हणून हे काम सुट्टीच्या दिवशी धरतो. पत्ते न बदलता वरवरची जुळवाजुळव करता येते, पण उद्या तिसरं गोदाम जोडताना तीच नडते.

टॅली कुठे ठेवायचं?

टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा डेटा शहरात आणि टॅली चाकणच्या कॉम्प्युटरवर, अशी मांडणी कृपया करू नका. एकेका व्हाउचरसाठी प्रोग्रामच्या सर्व्हरकडे कित्येक फेऱ्या होतात. ऑफिसातल्या केबलवर एका फेरीला एक मिलिसेकंदही लागत नाही. व्हीपीएनवरून १० ते २० सहज लागतात. जास्त एमबीपीएसचा प्लॅन घेऊन हा वेळ फारसा कमी होत नाही. शिवाय नोंद चालू असताना जोडणी तुटली तर डेटा बिघडण्याचा धोका आहेच. त्यापेक्षा चाकणच्या अकाउंटंटने रिमोट डेस्कटॉपने, म्हणजे शहरातल्या सर्व्हरचा पडदा आपल्या कॉम्प्युटरवर उघडून, त्या सर्व्हरवरच काम करावं. तेव्हा लाइनवरून मुख्यतः पडद्याचं चित्र आणि कीबोर्ड-माउसच्या हालचाली जातात. जोडणी गेली तरी सर्व्हरवरचं काम तिथेच चालू राहतं. याला विंडोज सर्व्हरचे परवाने लागतात, तो खर्च आमच्या कोटेशनमध्ये वेगळा दाखवलेला असतो.

रिमोट डेस्कटॉपचा ३३८९ पोर्ट (जोडणीचं दार) थेट इंटरनेटवर उघडून देणारे पुष्कळ भेटतील. व्हीपीएनचा खर्च वाचतो खरा, पण फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारे रॅन्समवेअरवाले असे उघडे पोर्ट सतत शोधत असतात. ते काम आम्ही करून देत नाही.

लाइन घेताना

डाउनलोडचा आकडा बघून प्लॅन घेऊ नका. एका जागेचं अपलोड हेच दुसऱ्या जागेचं डाउनलोड असतं. अपलोड २० एमबीपीएस असेल तर १ जीबीची ड्रॉइंग फाइल पोचायला जवळपास ७ मिनिटं लागतात.

राउटरच्या इंटरनेटकडच्या बाजूचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ यांपैकी कशानेही सुरू होत असेल, तर समजा की कंपनी एकच सार्वजनिक पत्ता अनेक ग्राहकांत वापरते आहे. अशा राउटरशी बाहेरून जोडणी सुरू करता येत नाही. तरी दोन्हीकडे स्टॅटिक आयपीचे (न बदलणाऱ्या सार्वजनिक पत्त्याचे) पैसे भरायची गरज नाही. शहरात एक घ्या. चाकणचा राउटर तिथे स्वतःहून जोडला जाईल.

दोन इमारती एकाच आवारात असतील तर व्हीपीएन लागतच नाही. मात्र त्यांच्यामध्ये साधी लॅन केबल टाकू नका, अंतर १०० मीटरच्या आत असलं तरी. वळवाच्या विजांमध्ये तांब्याच्या केबलमधून दोन्हीकडचे स्विच जळू शकतात. फायबरच टाका.

आम्ही जागा बघायला येऊ तेव्हा दोन्हीकडचं इंटरनेटचं शेवटचं बिल आणि राउटरचा अ‍ॅडमिन पासवर्ड हाताशी ठेवा. कॅमेरे कोणी बसवले, त्यांचा नंबरही लागेल. राउटर आणि फायबरचा डबा यूपीएसवर आहेत का, तेही बघून ठेवा. अनेक ठिकाणी कॉम्प्युटर यूपीएसवर असतात आणि हे दोन साध्या बोर्डावर.