मनात विचार आला की पाप झालंच?

चर्चच्या यूथ ग्रुपमध्ये वर्षानुवर्षं फिरणारी एक समजूत आहे, की मनात नुसता कामुक विचार जरी आला तरी पाप झालंच. आधार म्हणून बायबलमधलं मत्तय ५:२८ पुढे करतात. पण तिथे येशू बोलतोय ते वासनेने स्त्रीकडे बघत राहण्याबद्दल, म्हणजे त्यात माणसाची मर्जी आली, नजर सहज गेली याबद्दल नाही. इब्री ४:१५ तर सरळ सांगतं की येशूची स्वतःची सगळ्या बाबतीत आपल्यासारखी परीक्षा झाली तरी तो निष्पाप राहिला, मग मोह समोर येणं हेच पाप कसं असेल? याकोब १:१४-१५ मध्येही क्रम आहे, आधी वासना ओढते, ती गर्भवती झाली की मग पाप जन्मतं.

आता सगळ्या पंथांचं यावर एकमत आहे असं मात्र नाही हां. आतल्या ओढीला कॅथलिक चर्चने १५४६ मध्ये ट्रेंटच्या परिषदेत पाप म्हटलं नाही, मार्टिन लूथरला मानणारी लूथरन मंडळी मात्र १५३० पासून तिला पापच धरतात.

आणि मोहाशी तिथेच उभं राहून झुंजायचं, हेही कुठून आलं कोण जाणे. प्रेषित पौल १ करिंथ ६:१८ मध्ये चक्क पळ काढा म्हणतो. जुन्या करारातल्या योसेफाने तेच केलं, मालक पोटीफरच्या बायकोने त्याला मोहात पाडायला धरलं तेव्हा तिच्या हातात वस्त्र सोडून पळाला, आणि वर तुरुंगातही गेला बिचारा.